मिकी नाश्त्याला येणार असेल तर

फ्लोरिडातल्या टॅम्पात राहणाऱ्या मराठी माणसाचं घर म्हणजे डिस्नेच्या वाटेवरची धर्मशाळा. ऑरलँडोजवळचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड इथून गाडीनं तास-सव्वा तासावर. त्यामुळे नाशिकची बहीण असो, न्यू जर्सीचा चुलतभाऊ असो की बायकोच्या मैत्रिणीची नणंद असो, मुक्काम आधी आमच्याकडे. बरोबर लहान पोरं असली की फर्माईश ठरलेली: "दादा, मिकीबरोबर नाश्ता असतो म्हणे. तेवढं जमवून दे ना." दरवेळी फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅरेक्टर ब्रेकफास्ट म्हणजे ठरावीक रेस्टॉरंटमध्ये टेबल राखून ठेवायचं, माणशी ठरलेले पैसे द्यायचे आणि पोटभर खायचं. तुम्ही खात असताना मिकी, मिनी, डोनाल्ड किंवा राजकन्या एकेका टेबलाशी येतात, मुलांना भेटतात, फोटो काढू देतात. पार्कात याच मंडळींना भेटायला उन्हात रांग लावावी लागते. इथे तुम्ही एसीत बसलेले आणि मिकी चालत तुमच्याकडे येतो. पैसे द्यायचे ते या सोयीचे. खाणं ठीकठाक असतं. त्याच्यासाठी एवढे डॉलर कुणी मोजू नयेत.

सगळ्यात आधी माझं मत सांगून टाकतो. हा नाश्ता अख्ख्या सुट्टीत एकदाच करा, आणि ज्या दिवशी पार्कचं तिकीट नाही त्या दिवशी करा. लोक नेमकं उलटं करतात. डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम पार्कचं महागडं तिकीट काढतात आणि त्याच सकाळी नऊ ते साडेदहा टेबलाशी बसून राहतात. फ्लोरिडात सकाळचे पहिले दोन-तीन तास सोन्याचे असतात. ऊन कमी, रांगा कमी. जून ते सप्टेंबर दुपारी गडगडाटासह पाऊस येतो आणि मोकळ्यावरच्या राइड बंद होतात. अशा वेळी सकाळ वॅफलवर खर्च करणं मला पटत नाही. शिवाय दोन-चार वर्षांच्या मुलाला मिकीनं मिठी मारली की त्याचा त्या दिवसाचा आनंदाचा कोटा भरतो. त्यानंतर त्याला आठ तास पार्कात फिरवलं की संध्याकाळी रडारड ठरलेली.

म्हणून पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ धरा. भारतातून येणाऱ्यांसाठी तर ती वेळ आयतीच जमते. फ्लोरिडाचं घड्याळ उन्हाळ्यात भारताच्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. पोरं पहाटे तीनला टक्क जागी होऊन बसतात आणि सात वाजता त्यांना कडकडून भूक लागलेली असते. सगळ्यात लवकरचं टेबल, जे इथल्या लोकांना जड जातं, ते या मंडळींच्या पथ्यावर पडतं. दुसरा पर्याय शेवटच्या दिवसाचा. सकाळी सामान आवरायचं, निवांत नाश्ता करायचा आणि मग विमानतळ गाठायचा.

कुठे जायचं

इथे मोठ्यांनी आपली आवड बाजूला ठेवायची. तुमच्या टेबलावरचं सगळ्यात लहान, पण बोलतं मूल कुणाला ओळखतं, एवढंच पाहा. माझ्या बहिणीची मुलं नाशिकची. त्यांना छोटा भीम ठाऊक, डोरेमॉन ठाऊक, मिकी-मिनी ठाऊक. पण विनी द पूच्या पुस्तकातलं ते उदास गाढव ईयोर त्यांनी कधी पाहिलेलंच नाही. न्यू जर्सीत वाढलेल्या माझ्या पुतणीला मात्र तेच सगळ्यात प्रिय. तेव्हा घरी चित्रं दाखवा आणि विचारा, "हा कोण?" ज्याचं नाव पटकन येईल, तो जिथे असेल तिथे जा.

दोन अपेक्षाभंग आधीच सांगून ठेवतो, म्हणजे आयत्या वेळी भोकाड नको. 'फ्रोझन' सिनेमातली एल्सा नाश्त्याला येत नाही. ती आणि ॲना एपकॉट पार्कात नॉर्वेच्या भागात भेटतात, तिथे रांग लावावी लागते. आणि स्पायडरमॅन ऑरलँडोच्या डिस्नेत भेटत नाही. तो शेजारच्या युनिव्हर्सलच्या आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचरमध्ये असतो. मुलाचा देव स्पायडरमॅन असेल तर हा सगळा लेख सोडून द्या आणि सरळ तिकडे जा.

डिस्नेच्या हॉटेलांतली ठिकाणं मला पार्कातल्यांपेक्षा बरी वाटतात, कारण तिथे पार्कचं तिकीट लागत नाही आणि तुम्ही त्या हॉटेलात उतरलेले असण्याचीही गरज नसते.

पहिल्यांदा येणाऱ्यांना मी डोळे मिटून कंटेम्पररी हॉटेलातलं शेफ मिकीज सांगतो. मिकी, मिनी, डोनाल्ड, गूफी आणि प्लूटो अशी पाचही मुख्य मंडळी एका जागी. बफे असल्यामुळे खाण्याची वाट बघायची नाही, म्हणजे भुकेल्या मुलाच्या हातात दोन मिनिटांत काहीतरी देता येतं. आणि एक जादा गंमत म्हणजे मोनोरेल या हॉटेलच्या इमारतीच्या आतूनच जाते. माझा भाचा मिकीपेक्षा त्या गाडीवरच जास्त खूश होता. अधूनमधून गाणं लागतं आणि सगळे आपापले नॅपकिन डोक्यावर गरगर फिरवतात. गोंगाट मात्र भरपूर. आवाजाला बिचकणारं मूल असेल तर इथे नको.

थोडं शांत आणि देखणं हवं असेल तर रिव्हिएरा हॉटेलच्या वरच्या मजल्यावरचं टोपोलिनोज टेरेस. इथे मिकी चित्रकार असतो, मिनी कवयित्री, डोनाल्ड शिल्पकार आणि डेझी नर्तिका. सगळ्यांचे कपडेही त्याप्रमाणे. बफे नसतो. आधी पेस्ट्री टेबलावर येतात, मग प्रत्येकानं मेन्यूतून आपला पदार्थ मागवायचा. पदार्थ चांगले असतात आणि कुणी उठत नसल्यामुळे मिकी येऊन गेला आणि आपण ताटलीच भरत होतो, असं होत नाही. टेबल मिळणं मात्र अवघड.

पॉलिनेशियन हॉटेलातल्या ओहानात त्याच नावाच्या डिस्ने सिनेमातले लिलो आणि स्टिच असतात, जोडीला मिकी आणि प्लूटो. सगळं टेबलावर मधोमध आणून ठेवतात आणि आपण वाटून घ्यायचं. बीच क्लब हॉटेलातल्या केप मे कॅफेत मिनी आणि तिची मित्रमंडळी समुद्रकिनाऱ्याच्या कपड्यांत येतात. शेफ मिकीजला जागा नसली की मी हे बघतो.

राजकन्यांचं वेड असेल तर दोन नावं. एपकॉटमधलं आकर्सहूस आणि मॅजिक किंगडमच्या मधोमधच्या किल्ल्यातलं सिंड्रेलाज रॉयल टेबल. दोन्हींसाठी पार्कचं तिकीट हवंच. किल्ल्यातलं बरंच महाग. खरं सांगायचं तर ते आईबाबांच्या फोटोंसाठी जास्त असतं. चार वर्षांच्या मुलीला राजकन्या कुठल्या छताखाली भेटली यानं काही फरक पडत नाही. ॲनिमल किंगडममधलं टस्कर हाउस मला आवडतं, कारण तिथे डोनाल्ड आणि मंडळी सफारीच्या वेशात असतात, आणि पेरू, संत्रं आणि पॅशनफ्रूटचा एक रस मिळतो तो मोठ्यांनाही आवडतो. पूची मंडळी मॅजिक किंगडमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये.

टेबल कसं मिळवायचं

बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. डिस्नेच्या वेबसाइटवर किंवा 'माय डिस्ने एक्स्पिरियन्स' या ॲपवर, ऑरलँडोच्या सकाळी सहा वाजता. भारतात तेव्हा दुपारचे साडेतीन असतात, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे नाशिकची बहीण ऑफिसात चहाच्या वेळेला हे आरामात करू शकते. मला टॅम्पात पहाटे उठवायचं काही कारण नाही. पण उठवते.

डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात राहणार असाल तर एक सवलत मिळते. पोहोचण्याच्या तारखेच्या ६० दिवस आधी तुम्हाला मुक्कामाच्या पुढच्या १० दिवसांपर्यंतचं बुकिंग एकदम करता येतं. बाहेर राहणाऱ्यांना मात्र प्रत्येक तारखेचे ६० दिवस वेगळे मोजावे लागतात. यातली खोच अशी की बाहेरच्यांसाठी एखादी तारीख उघडते तोवर डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांनी त्यातली टेबलं आधीच उचललेली असतात. हॉटेलात उतरणाऱ्यांनाही मुक्कामाच्या पहिल्या दिवसासाठी ही आघाडी मिळत नाही, शेवटच्या दिवसासाठी सगळ्यात जास्त मिळते. म्हणून अवघड जागा मिळवायची असेल तर याचा फायदा घ्या. हॉटेलात राहणार असाल तर मुक्कामाचा शेवटचा दिवस मागा.

आदल्या दिवशी खातं उघडून, कार्डाची माहिती भरून तयार राहा. सहाला पासवर्ड आठवत बसायची वेळ येऊ नये. माणसं मोजताना तान्हं मूलसुद्धा मोजायचं, त्याचे पैसे लागत नसले तरी. खुर्चीच्या हिशेबानं टेबल देतात.

मराठी कुटुंबांची अडचण म्हणजे आकडा. आजी-आजोबा, दोन जोडपी, चार पोरं मिळून दहा माणसांचं टेबल शोधलं की स्क्रीनवर काहीच दिसत नाही. त्यापेक्षा एकाच वेळेची पाच-पाचची दोन टेबलं घ्या, दोघांच्या नावानं. पोहोचल्यावर दारातल्या माणसाला नम्रपणे सांगा की आम्ही एकत्र आहोत, जवळजवळ बसवता आलं तर बघा. दरवेळी होतंच असं नाही, पण बरेचदा होतं. नाहीच झालं तर सगळी पोरं एका टेबलावर आणि फोटो काढणारा काका त्यांच्यात.

जागा नाही मिळाली तर हात-पाय गाळू नका. बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत फुकट रद्द करता येतं. त्यानंतर रद्द केलं किंवा गेलाच नाहीत तर माणशी १० डॉलर कापतात. आपल्या बुकिंगखाली लिहिलेला नियम तेवढा वाचून घ्या. या नियमामुळे आदल्या रात्री आणि त्याच सकाळी टेबलं सुटतात. कुणाचं मूल तापतं, कुणाला जाग येत नाही. रात्री नऊनंतर ॲप उघडून बघत राहायचं. माझ्या बायकोला हे काम फार छान जमतं. ती मालिका बघता बघता बोटानं स्क्रीन ताजी करत असते.

खर्च

मुलांचे दर वय वर्षं ३ ते ९ साठी. तीन पूर्ण झाली नसतील तर फुकट. दहावं लागलं म्हणून घाबरू नका, पण दहा पूर्ण झाली की पूर्ण मोठ्या माणसाचे पैसे. मग पोरानं एक वॅफल खाल्लं काय आणि पाच खाल्ली काय. दर तारखेप्रमाणे बदलतात, सणासुदीला चढतात. हिशेबाला सोपं म्हणून मोठ्याचे ५० डॉलर आणि मुलाचे ३२ धरू. आई-बाबा, आजी-आजोबा, एक पाच वर्षांचा आणि एक दोन वर्षांची. चार मोठ्यांचे २०० आणि मुलाचे ३२, झाले २३२. त्यावर ६.५ टक्के कर, म्हणजे १५. टेबलावर सहा किंवा जास्त माणसं असली की १८ टक्के टिप बिलातच लावतात. ती झाली जवळजवळ ४२. एकूण २८९ डॉलर. रुपयांत पंचवीस हजारांच्या आसपास. आजोबांना हा आकडा बिल येण्याआधी सांगायचा की नंतर, हे ज्याच्या त्याच्या घरच्या वातावरणावर. आमच्याकडे कधीच सांगत नाहीत.

एक बारीक गोष्ट: टिप बिलात लावलेली आहे का ते बघूनच वर आणखी लिहा. कागदावर जागा मोकळी असते आणि भारतातून आलेली मंडळी भिडेखातर पुन्हा भरतात.

शाकाहाराचा प्रश्न

अमेरिकेत शाकाहारी म्हटलं की अंडं चालतं असं धरतात. त्यामुळे "आम्ही व्हेजिटेरियन" एवढं पुरत नाही. "अंडंही नको" हे वेगळं सांगा. बुकिंग करताना खाण्याच्या पथ्यांची जागा असते, तिथे लिहा आणि टेबलावर वाढणाऱ्यालाही पुन्हा सांगा. शेंगदाणे, दूध, गहू यांची ॲलर्जी असेल तर शेफला भेटायचं आहे असं म्हणा. तो बाहेर येऊन काय चालेल ते समजावून सांगतो. या बाबतीत इथे कंटाळा करत नाहीत.

माझी आई अंडं खात नाही. बफेवर तिला काय चालतं? फळं, दही, ओटमील, पाव-लोणी, बटाट्याचे परतलेले तुकडे, कॉर्नफ्लेक्स आणि ग्रिट्स. ग्रिट्स म्हणजे इकडच्या दक्षिणेत खातात ती मक्याच्या कण्यांची पेज. मीठ, मिरपूड आणि लोणी घातलं की आई ती मिटक्या मारत खाते. वॅफल, पॅनकेक आणि फ्रेंच टोस्ट यांत अंडं असतं. मिकीच्या तोंडाच्या आकाराचं वॅफल बघून आजी लोक विरघळतात, म्हणून आधी सांगून ठेवा. आणि 'बिस्किट्स अँड ग्रेव्ही' या नावाला फसू नका. ते आपलं चहाबरोबरचं बिस्किट नव्हे. तो मऊ खारा पाव असतो आणि वरच्या पांढऱ्या रश्शात बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं. टोपोलिनोजसारख्या मेन्यूच्या ठिकाणी अंडं न खाणाऱ्यांचे पर्याय आणखी कमी. आजी-आजोबा बरोबर असतील तर बफेच घ्या, सगळं डोळ्यांसमोर दिसतं.

चहाची आशा ठेवू नका. गरम पाण्याचा पेला, पुडी आणि शेजारी गार दूध येईल. आमच्याकडची ज्येष्ठ मंडळी निघायच्या आधी घरचा चहा पिऊनच गाडीत बसतात आणि मग त्यांचा मूड मिकीइतकाच चांगला असतो. लहान बाळाचं खाणं बरोबर नेलं तर कुणी हरकत घेत नाही. पार्कातही स्वतःपुरतं खाणं नेता येतं, फक्त काचेची बरणी नको. थेपले आणि दशम्यांचा डबा म्हणूनच आमच्या पिशवीत कायम असतो.

मुलांची तयारी

या सगळ्यात जास्त महत्त्वाचं हे आहे आणि लोक नेमकं इथेच काही करत नाहीत.

टीव्हीवरचा मिकी वीतभर असतो. समोर येतो तो मोठ्या माणसाच्या उंचीचा, भलंमोठं डोकं, न हलणारं हसू, आणि तोंडातून शब्द नाही. दीड ते तीन वर्षांच्या मुलाला यात घाबरण्यासारखं भरपूर आहे. दोन आठवडे आधीपासून कार्टून नव्हे, तर खऱ्या भेटींचे व्हिडिओ दाखवा. त्यात इतर मुलं मिठी मारताना दिसतात, मिकी किती मोठा आहे तेही कळतं. घरी कुणीतरी मिकी व्हा. गप्प राहायचं, लांबून हात हलवायचा, मग टाळी द्यायची. आमच्याकडे हे काम आजोबांकडे होतं. उशीचा अभ्रा डोक्यात घालून ते हॉलमध्ये फिरायचे. त्यात त्यांनाच जास्त मजा यायची.

टेबलावर बसताना भित्र्या मुलाला भिंतीकडच्या बाजूला बसवा. पाठीमागून अचानक मोठा हात खांद्यावर आला की खेळ संपला. मिकी दोन टेबलं लांब असतानाच मुलाला दाखवा, "तो बघ, आता तिकडे गेलाय, मग आपल्याकडे येणार." आला की आधी मोठ्यांनी हस्तांदोलन करायचं, मग मोठ्या भावंडानं. धाकट्याला उचलून त्याच्या अंगावर ठेवू नका. भीती वाटत असेल तर मंडळींबरोबर फिरणाऱ्या मदतनीसाला किंवा वाढणाऱ्याला सांगा. ते लांबूनच हात हलवतात, गुडघ्यावर बसतात, लपाछपी खेळतात. माझी भाची पहिली पंधरा मिनिटं आईच्या ओढणीत तोंड लपवून होती. प्लूटोनं जमिनीवर बसून नुसतं आपलं शेपूट दाखवलं, तशी ती हळूच एक बोट लावून आली. तेवढं पुष्कळ झालं.

राजकन्यांचं वेगळं असतं. त्या मुखवट्याशिवाय असतात, बोलतात, प्रश्न विचारतात. त्यामुळे लहानांना भीती कमी वाटते, पण इंग्रजी न येणारं मूल गप्प बसतं. त्याला एक-दोन वाक्यं शिकवून ठेवा, नाव आणि वय सांगण्यापुरती. मुखवटेवाल्यांपुढे ही अडचणच नाही. ते कुठल्याही भाषेला सारखीच मान डोलावतात. माझ्या भाच्यानं डोनाल्डला शाळेतल्या भांडणाची अख्खी हकिगत मराठीतून सांगितली आणि डोनाल्डनं कमरेवर हात ठेवून, डोकं हलवून, शेवटी मूठ उगारून त्याचीच बाजू घेतली.

कपडे म्हणाल तर लहान मुलांना राजकन्येचा पोशाख चालतो. पार्कात १४ वर्षं आणि त्यावरच्यांना असे पोशाख घालू देत नाहीत. पण विकतचा झगमगीत फ्रॉकच हवा असं नाही. बहिणीनं भाचीला खणाचं परकर-पोलकं घालून नेलं होतं. राजकन्यांनी तिच्याच कपड्यांचं इतकं कौतुक केलं की शेजारच्या टेबलावरच्या सिंड्रेला हिरमुसल्या.

प्रत्यक्ष सकाळी

वेळेच्या वीस मिनिटं आधी दारात असा. ॲपवरून आल्याची नोंद करता येते. गाडीनं जात असाल तर हॉटेलच्या गेटवर बुकिंग विचारतात, नाव सांगून आत जायचं. डिस्नेच्या एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात जायला बहुधा थेट बस नसते, मध्ये एखाद्या पार्कात बदलावी लागते. पहाटे पोरं घेऊन हा उपद्व्याप करण्यापेक्षा टॅक्सी बरी. बाबागाडी बाहेर ठेवावी लागते. बूस्टर सीट आणि बाळाची उंच खुर्ची मागितली की मिळते.

बसल्या बसल्या दोन प्रश्न विचारा: आज कोण कोण आहे, आणि आत्ता ते कुठे आहेत? मंडळी ठरावीक क्रमानं फिरतात. सगळ्यांची फेरी व्हायला पाऊण-एक तास लागतो. बफे असेल तर सगळे मिळून कधीही उठू नका. एक मोठा माणूस मुलांजवळ कायम. कुणी चुकलंच तर वाढणाऱ्याला सांगा, पुढच्या फेरीत तुमच्याकडे आणतात. एकूण दीड तास धरा.

मेपल सिरप भेटीगाठी उरकल्यावर. हा आमच्या घरचा कायदा आहे. चिकट हातांनी मिनीला मिठी मारली तर मिनी काही बोलत नाही, पण फोटोत मुलाच्या गालावर आणि कपड्यांवर सगळं दिसतं. ओले रुमाल भरपूर ठेवा.

सह्यांची वही नेणार असाल तर तिथली महागडी घ्यायची गरज नाही, कोरी जाड कागदाची कुठलीही चालते. पेन मात्र जाड हवं, कारण मोठ्या हातमोज्यांत बारीक पेन धरता येत नाही. पान उघडून, टोपण काढून तयार ठेवा. फोटोसाठी एकाच माणसाला नेमा. सहा जणांनी सहा फोन समोर धरले की मुलाला मिकी दिसत नाही, मागची फोनांची भिंतच दिसते. वाढदिवस असेल तर हॉटेलच्या काउंटरवर फुकट बिल्ला मिळतो, तो लावला की आल्यागेल्या सगळ्यांच्या शुभेच्छा मिळतात.

हाँगकाँगला जाणाऱ्या टूरवाल्यांसाठी एवढंच: तिथल्या डिस्नेलँड हॉटेलातल्या एन्चांटेड गार्डनमध्ये असा बफे आहे. कॅलिफोर्नियात डिस्नेलँड हॉटेलातलं गूफीज किचन. टूरबरोबर असाल तर त्या सकाळी बस किती वाजता सुटणार ते आधी विचारा. मुलांची तयारी आणि सिरपचा कायदा तिथेही हाच.

नाश्ता झाला की कंटेम्पररीहून मोनोरेलमध्ये बसा, भाडं नाही. एक चक्कर मारा, तळं बघा, किल्ला लांबून बघा आणि गाडीकडे या. पोरं टॅम्पाच्या वाटेवर पहिल्या दहा मैलांतच झोपतात. घरी पोचल्यावर बायको मुगाची खिचडी टाकते, कारण एवढं गोड खाल्ल्यावर दुपारी कुणालाच दुसरं काही नको असतं.